द होम्समन : माहेरी पोचवायला निघालेली गाडी

हा पिक्चर मी दोनदा बघितलाय. पहिल्यांदा ओमाहाला असताना, म्हणजे अमेरिकेत नेब्रास्का राज्यात, जिथे ही गोष्ट घडते तिथेच, आणि दुसऱ्यांदा गेल्या महिन्यात पुण्यात आईबरोबर. पहिल्या वेळी बघून झाल्यावर दोन दिवस मी कोणाशी धड बोलले नव्हते, त्यामुळे दुसऱ्यांदा लावताना जरा भीतीच वाटत होती, पण आईनेच विचारलं की तू एवढी वर्षं ज्याच्याबद्दल बोलतेस तो आहे तरी काय, दाखव. आधीच सांगते की पुढे गोष्ट बऱ्यापैकी उघड केलीय, ती न सांगता या पिक्चरबद्दल काही बोलणंच शक्य नाहीये. आणि यात लहान मुलांचे मृत्यू आहेत, बलात्कार आहे, आत्महत्या आहे. मन ठीक नसेल तर आत्ता बघू नका, खरंच.

2014 चा सिनेमा, टॉमी ली जोन्सने दिग्दर्शित केलेला, कान महोत्सवात स्पर्धेत होता. ग्लेंडन स्वार्थाऊटच्या 1988 च्या कादंबरीवर बेतलाय. काळ 1850 च्या दशकातला. नेब्रास्का तेव्हा राज्यही नव्हतं, 1854 मध्ये टेरिटरी, म्हणजे राज्याचा दर्जा नसलेला केंद्राच्या ताब्यातला मुलूख, म्हणून वसाहतीसाठी खुलं झालेलं नुसतं माळरान. वेस्टर्न म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर घोडे, बंदुका, सलूनचे हलणारे दरवाजे येतात, इथे त्यातलं फारसं काही नाही. इथे एका कडक हिवाळ्यात तीन शेतकऱ्यांच्या बायकांच्या डोक्यावर परिणाम होतो. एकीची तीन मुलं घटसर्पाने पाठोपाठ जातात (घटसर्पावरचं औषध यायला अजून चाळीसेक वर्षं होती), त्यानंतर ती बोलायचीच बंद होते आणि एक बाहुली छातीशी धरून बसते. दुसरी आपलं नुकतं जन्मलेलं बाळ स्वतःच्या हाताने संपवते. तिसरी स्कँडिनेव्हियातून आलेली, मूल होत नाही म्हणून नवरा तिच्यावर जबरदस्ती करत राहतो, आणि तिची म्हातारी आई, तिचं तिथलं एकमेव आपलं माणूस, मरते.

आता या तिघींचं करायचं काय? त्या मुलखात वेड्यांचं इस्पितळ नाही, डॉक्टरचा पत्ता नाही. मग चर्चमध्ये ठरतं की त्यांना मिसूरी नदीपार आयोवामध्ये एका पाद्र्याच्या बायकोकडे पोचवायचं आणि तिने पुढे पूर्वेला त्यांच्या त्यांच्या माणसांकडे पाठवायचं. म्हणजे सरळ आपल्या भाषेत सांगायचं तर माहेरी नेऊन सोडायचं. हे बघताना मला एकदम गलबलून आलं, कारण हे वाक्य आपण किती वेळा ऐकलंय, अमक्याच्या सुनेच्या डोक्यावर परिणाम झाला, माहेरी आणून सोडली. सोडली हे क्रियापद बघा ना. नवऱ्यांपैकी कोणीतरी गाडी घेऊन जायचं म्हणून सोडत काढायची असते, त्यातला एक नवरा सरळ नाही म्हणतो, आणि त्याच्या जागी मेरी बी कडी नावाची एक अविवाहित बाई उभी राहते आणि काम तिच्याच वाट्याला येतं.

मेरी बी म्हणजे हिलरी स्वँक. एकतीस वर्षांची, न्यूयॉर्क राज्यातून आलेली, पूर्वी शिकवायची, आता एकटी शेती करते, पैसे राखून आहे, घर लख्ख, स्वयंपाक चांगला, देवाधर्माची. पहिल्याच सीनमध्ये ती एकटी नांगर धरून चाललीय. नंतर शेजारच्या एका शेतकऱ्याला जेवायला बोलावते आणि जेवण झाल्यावर अगदी व्यवहाराने बोलावं तसं लग्नाचं विचारते, की तुझी जमीन माझी जमीन एकत्र केली तर दोघांचं भलं होईल. तो म्हणतो तू दिसायला साधी आहेस आणि हुकूम फार सोडतेस. म्हणजे जिने एकटीने शेत उभं केलं तिला हे! आणि ती चेहरा हलू देत नाही. स्वँकला दोन ऑस्कर आधीच मिळालेत पण माझ्या मते तिचं सगळ्यात चांगलं काम हे आहे, कारण इथे ती रडत नाही, ती नीट वागते, आणि ते नीट वागणंच हळूहळू असह्य व्हायला लागतं.

तिच्याकडे पियानो नाही. तर तिने एका कापडावर पियानोच्या पट्ट्या भरतकामाने काढल्यात, ते कापड ती टेबलावर पसरते आणि त्यावर बोटं चालवत गाते. आवाज फक्त तिच्या गळ्याचा. मी हा सीन थांबवून परत परत बघितला. याला जोडून एक गोष्ट मला नंतर कळली. संगीतकार मार्को बेल्ट्रामीने या सिनेमासाठी एक पियानो उघड्यावर ठेवून त्याला लांबच लांब तारा जोडल्या आणि वाऱ्याने त्या तारा वाजतील अशी सोय केली, ते आवाज संगीतात वापरलेत. म्हणजे बाईच्या पियानोला आवाज नाही आणि वारा मात्र पियानो वाजवतोय. हे मुद्दाम केलं असेल की आपोआप जुळलं असेल कोण जाणे, पण हे कळल्यावर दुसऱ्यांदा बघताना अंगावर काटा आला.

वाऱ्याबद्दल थोडं बोलते कारण तो मला माहितीये. मी नवऱ्याच्या नोकरीमुळे ओमाहाला तीन वर्षं होते, डिपेंडंट व्हिसावर, काम करायची परवानगी नव्हती. आमच्या अपार्टमेंटमध्ये हीटर होता, फोन होता, आईशी रोज व्हिडिओ कॉल व्हायचा, कोपऱ्यावर दुकान होतं, म्हणून त्या बायकांशी मी माझी बरोबरी अजिबात करत नाहीये, ते पाप होईल. पण जानेवारीत दुपारी घरात एकटं असताना खिडकीच्या फटीतून तो वारा जो एकसुरात वाजत राहतो ना, तासन् तास, तो मी ऐकलाय. बाहेर पांढरं, आकाश पांढरं, रस्त्यावर माणूस नाही. तिथल्या इतिहासात प्रेअरी मॅडनेस असा शब्दच आहे, माळावरच्या एकटेपणाने माणसाचं मन ढळतं त्याला. झाडं इतकी कमी होती की घराला लाकूड नसायचं, लोक गवताच्या मुळांसकट जमिनीच्या ढेपा कापून त्यांची घरं रचायचे, पावसात छतातून चिखल गळायचा. झाडं लावण्यासाठीचा आर्बर डे 1872 मध्ये सुरू झाला तो नेब्रास्कातच, यावरून कल्पना करा. बीट्रिस गावाजवळ होमस्टेड कायद्याच्या (वस्ती करणाऱ्यांना सरकारी जमीन देणारा कायदा) आठवणीसाठी एक राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे, तिथे आम्ही एका रविवारी गेलो होतो. आत 1867 मधलं एक लाकडी घर जपून ठेवलंय, 14 बाय 16 फुटांचं, आमच्या पुण्याच्या हॉलपेक्षा लहान. नवरा बाहेर फोटो काढत होता आणि मी आत उभी राहून नुसता विचार करत होते की नोव्हेंबर ते मार्च या खोलीत, लेकराबाळांसकट, शेजारीण कित्येक मैलांवर.

असो, पिक्चरकडे येते. मेरी बीला वाटेत एक म्हातारा माणूस सापडतो, जॉर्ज ब्रिग्ज. दुसऱ्याच्या जमिनीवर घुसून बसला म्हणून लोकांनी त्याला गळ्यात फास अडकवून घोड्यावर बसवून सोडून दिलंय, घोडा हलला की खेळ खलास. ती त्याला सोडवते, अट एकच, या प्रवासात माझ्याबरोबर यायचं, शेवटी तीनशे डॉलर देईन. हा ब्रिग्ज म्हणजे स्वतः टॉमी ली जोन्स. दारुडा, स्वार्थी, पण माळावर जिवंत कसं राहायचं हे त्याला येतं. मग खिडक्यांना गज लावलेली एक बंद पेटीसारखी गाडी, आत तिघी, पुढे हे दोघं, आणि आठवडेच्या आठवडे प्रवास. रॉड्रिगो प्रिएतोचा कॅमेरा ती गाडी इतकी छोटी दाखवतो की कधीकधी शोधावी लागते. शूटिंग बरंचसं न्यू मेक्सिकोत झालंय आणि ते मला कळत होतं, पूर्व नेब्रास्कात जमीन इतकी कोरडी आणि सपाट नाही, तिथे टेकड्यांची हलकी चढउतार आहे. पण तक्रार नाही, मनातला माळ असाच असणार.

वाटेत एका लहान मुलीची उकरलेली कबर दिसते. मेरी बी म्हणते मी ती नीट केल्याशिवाय पुढे येणार नाही. ब्रिग्ज थांबत नाही. ती एकटी मागे राहते, कबर बुजवते, आणि मग रस्ता चुकते, रात्रभर घोड्यावर फिरून फिरून परत त्याच कबरीपाशी येते. तिथे तिच्यात काहीतरी तुटतं. परत पोचल्यावर ती ब्रिग्जलाही लग्नाचं विचारते, तोही नाही म्हणतो. रात्री ती आपणहून त्याच्याजवळ जाते. सकाळी ती जिवंत नसते.

यावर लोक खूप चिडलेत. माझी ओमाहाची मैत्रीण म्हणाली होती की दीड तास आम्ही हिच्याबरोबर चाललो आणि हिलाच मारून पिक्चर त्या म्हाताऱ्याच्या हातात दिला, हा काय न्याय झाला. मीही पहिल्यांदा चिडले होते. आता मला उलट वाटतं. त्या तिघी कमजोर होत्या म्हणून वेड्या झाल्या असं बघणाऱ्याला पहिल्या अर्ध्या तासात वाटू शकतं, आणि मेरी बी बघा कशी खंबीर, असं आपण मनात म्हणत असतो. तर पिक्चर सांगतो की नाही हो, ही पण त्याच गाडीतली, फक्त हिला हाक मारायला कोणी आलं नाही कारण हिचं काम वेळेवर होत होतं. तिघींचे केस विंचरणारी, त्यांना भरवणारी ती, आणि तिला कसं वाटतंय हे दोन तासांत एक माणूस विचारत नाही. एकही नाही. मी मोजायला बसले होते.

मला न पटलेल्या गोष्टीही आहेत. सुरुवातीला तिघींच्या आयुष्याचे तुकडे इतके विखुरलेले येतात की कोणाचं मूल, कोणाचा नवरा यात गोंधळ होतो, आईला तर मला थांबवून सांगावं लागलं. आणि तिथल्या मूळ लोकांबद्दल पिक्चरला काही म्हणायचंच नाहीये. ज्या ओमाहा लोकांच्या नावावरून मी राहिले त्या शहराचं नाव पडलं, त्यांच्याकडून आणि ओटो-मिसूरिया लोकांकडून ती जमीन याच सुमाराला, 1854 मध्ये, करार करून घेतली गेली, ही माणसं तिथे कालपर्यंत राहत होती. इथे ते लांबून धमकी म्हणून येतात, एक घोडा घेतात आणि जातात. बायकांच्या दुःखाकडे इतकं नीट बघणाऱ्या सिनेमाने एवढं तरी बघायला हवं होतं.

पुढचा भाग ब्रिग्जचा. तो आधी तिघींना टाकून निघतो, पण त्या न बोलता त्याच्या मागे चालत येतात, एक नदीत बुडायला लागते तेव्हा तो परत फिरतो. मग ते माळावरचं एकटं चकाचक हॉटेल, भुकेल्या बायकांना दारातून परत पाठवणारा मालक, आणि रात्री ब्रिग्ज येऊन जे करतो ते. मला तो प्रसंग जरा दुसऱ्या सिनेमातून आल्यासारखा वाटला, राग समजतो पण आग लावून तो फार सहज मोकळा होतो.

आयोवात पोचल्यावर दार उघडते मेरिल स्ट्रीप. पाच-दहा मिनिटांचं काम, पण तिचा आवाज ऐकल्यावर आपल्या खांद्यावरचं ओझं उतरतं. बाहुलीवाली अ‍ॅराबेला झालीये ग्रेस गमर, ती स्ट्रीपची सख्खी मुलगी. हे माहीत असेल तर ती जेव्हा या मुलीला आत घेते तेव्हा वेगळंच वाटतं.

आणि शेवट. तीनशे डॉलरच्या नोटा बँक बुडाल्यामुळे कागद झाल्यात. ब्रिग्ज मेरी बीच्या नावाची एक लाकडी फळी करून घेतो, तिच्या कबरीवर लावायला. एका अनवाणी पोरीला बूट घेऊन देतो, तिला सांगतो की पश्चिमेला जाणाऱ्या पोराशी लग्न करू नकोस. मग रात्री नदी ओलांडणाऱ्या तराफ्यावर तो पिऊन गातो, नाचतो, आणि कोणाच्या तरी पायाने ती फळी पाण्यात ढकलली जाते. त्याला कळतही नाही. नाव वर तरंगत अंधारात जातं.

आई सगळा वेळ शांत होती. नावं सुरू झाली तेव्हा तिने एवढंच विचारलं, "त्या तिघी पोचल्या का गं पुढे माहेरी?" मी म्हटलं, आई, ते दाखवलेलं नाही, त्या पाद्रीणबाईच्या दारापर्यंतच आहे. ती म्हणाली, "बाई चांगली वाटली. पोचवलं असेल तिने." आणि उठून दार नीट लावलंय का ते बघायला गेली.