अरुंद भेगेसाठी कोणता पिटॉन घ्यावा?

जिथे बोट शिरत नाही आणि लहानात लहान चोक नटही (न ठोकता भेगेत अडकवायचा धातूचा तुकडा) बसत नाही, अशा भेगेसाठी पिटॉन, म्हणजे कातळात हातोड्याने ठोकायची, दोर अडकवण्यासाठी डोळा (भोक) असलेली धातूची खुंटी, घ्यायला निघालेल्या प्रस्तरारोहकापुढे प्रामुख्याने तीन पर्याय असतात: सपाट पात्याचा नाइफब्लेड, टोकाकडे निमुळता होत जाणारा लॉस्ट ॲरो आणि चोचीसारखा वाकलेला पेकर. पन्हळीसारखा वाकवलेला अँगल रुंद भेगांसाठी असल्याने येथे विचारात घेतलेला नाही. निवड करताना बहुतेकजण भेगेची रुंदीच पाहतात. सह्याद्रीच्या बेसाल्टमध्ये मात्र खरी अडचण खोलीची असते. वरून सरळ दिसणारी भेग दोन इंचांवर बंद होते, किंवा आत भुसभुशीत लाल माती भरलेली असते.

नाइफब्लेडला दोन डोळे असतात, एक पात्याच्या मागच्या टोकाशी आणि दुसरा बाजूला काटकोनात वळवलेल्या भागात. आडव्या भेगेत हा दुसरा डोळा खाली ठेवून पाते ठोकले की त्यावर येणारा भार पात्याला भेगेतच पिळतो आणि पकड वाढते. लाव्हाच्या थरांमधील आडव्या फटींसाठी म्हणूनच मी आधी याच्याकडे वळतो. मात्र अगदी पातळ पाते उथळ भेगेच्या तळाला टेकले की पुढच्या घावांनी ते वाकते. त्याच घडणीचा, पण अधिक जाड असलेला बुगाबू हा मार त्या मानाने बराच सोसतो.

लॉस्ट ॲरोचा डोळा एकच, मागच्या टोकाच्या मध्यभागी असतो. पाचरीसारखा ठोकला जात असल्याने उभ्या भेगेत तो घट्ट बसतो. हाताने दोन-तृतीयांश आत गेला आणि उरलेल्या भागाला हातोड्याच्या प्रत्येक घावागणिक नाद चढत गेला, तर पकड बहुधा चांगली आहे असे समजावे. नाद बसका येत राहिला, तर तो काढून दुसरी जागा शोधावी. याच पाचरीमुळे सुट्या कपच्यामागे ठोकल्यास अख्खा कपचा उचकटू शकतो, हे विसरू नये.

पेकरचे काम निराळे आहे. जवळजवळ मिटलेल्या उभ्या भेगेत त्याची चोच अडकते आणि भार आला की आणखी खाली रुतते. कृत्रिम आरोहणात, म्हणजे ठोकलेल्या साधनांवर भार देत चढताना, शरीराचे वजन पेलण्यासाठी तो उत्तम असला, तरी मुक्त आरोहण करणाऱ्याने, म्हणजे हातापायांनीच चढून साधने केवळ पडण्यापासून बचावासाठी वापरणाऱ्याने, पहिल्या खरेदीत तो घेण्याची गरज नाही.

धातूचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. मऊ पोलादाचा पिटॉन वेड्यावाकड्या भेगेचा आकार घेतो, म्हणून युरोपातील चुनखडकावर तो रुळला; परंतु ठोकून काढल्यावर त्याचा आकार बिघडतो. १९४० च्या दशकात अमेरिकेतील योसेमिटीत जॉन सलाथे या लोहाराने ग्रॅनाइटसाठी कठीण पोलादाचे पिटॉन घडवले, कारण ते न वाकता पुन्हापुन्हा वापरता येत. आपला बेसाल्टही कठीण आहे आणि पिटॉन काढून पुढे न्यायचा असतो, तेव्हा क्रोम-मोलिब्डेनम पोलादच घ्यावे. ई. एन. ५६९ या युरोपीय मानकानुसार सुरक्षा पिटॉनने (पडणाऱ्याला रोखणाऱ्या) मुख्य दिशेने २५ किलोन्यूटन, तर प्रगती पिटॉनने (केवळ पुढे चढण्यासाठी वापरायच्या) १२.५ किलोन्यूटन भार पेलणे अपेक्षित असते. हे आकडे पिटॉनचे आहेत. कातळाला असे प्रमाणपत्र कोणी देत नाही.

पहिल्या खरेदीत दोन बुगाबू, दोन लहान लॉस्ट ॲरो आणि एकच नाइफब्लेड पुरेसे आहेत. पिटॉन पूर्ण आत गेला नाही, तर डोळ्यात कॅराबिनर (दोर अडकवायची उघडझाप होणारी धातूची कडी) न अडकवता कातळालगत स्लिंगची (मजबूत पट्टीच्या फासाची) गाठ मारावी, म्हणजे तरफेचा जोर कमी होतो. काढताना भेगेच्या रेषेत दोन्ही बाजूंनी आलटूनपालटून घाव घालावेत आणि डोळ्याला आधीच स्लिंग बांधून ठेवावी, म्हणजे सुटलेला पिटॉन खाली असलेल्या सोबत्याच्या अंगावर पडणार नाही.