पाणी फाउंडेशनचं पाणलोट प्रशिक्षण गावाला कितपत पुरतं?

पाणलोटावर भाषण देणारे पुष्कळ भेटतात. समपातळी रेषा, म्हणजे उतारावरच्या एकाच उंचीच्या जागा जोडणारी रेषा, गावकऱ्यांना स्वतःच्या हातांनी आखायला शिकवणारे फार थोडे. पाणी फाउंडेशनच्या प्रशिक्षणाचं खरं मोल इथे आहे. २०१६ साली वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत फाउंडेशनची वॉटर कप ही गावागावांतली जलसंधारणाची स्पर्धा सुरू झाली आणि २०१९ च्या शेवटच्या स्पर्धेपर्यंत ७६ तालुक्यांत पोचली. वेळू, काकडदरा, टाकेवाडी, सुर्डी या विजेत्या गावांची नावं गाजली. पण बक्षीस न मिळालेल्या हजारो गावांच्या पदरातही जे पडलं ते हे प्रशिक्षण, म्हणून परीक्षण त्याचंच करायला हवं.

वॉटर कपच्या काळात हे प्रशिक्षण म्हणजे चार दिवसांचं निवासी शिबिर, गावातून पाच जण, त्यांत किमान दोन महिला. ही महिलांची अट फार विचारपूर्वक घातलेली होती. नुसते पुरुष शिकून आले की काम ओढ्यापाशी घुटमळतं, कारण तिथे यंत्र लागतं आणि काम डोळ्यांत भरतं. बाया शिकल्या की आळीआळीतून माणसं टिकाव-फावडं घेऊन माथ्यावर चढतात. शिबिराला ज्ञानाचं पाठबळ वॉटर संस्थेचं, म्हणजे वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्टचं. नगर जिल्ह्यातल्या पाणलोटाच्या जुन्या कामाचा अनुभव त्यामागे आहे. शिकवण्याची पद्धत खेळांची आणि शिवारफेरीची आहे. फळ्यावरचं कमी, उतारावरचं जास्त.

शिबिरातला सगळ्यात उपयोगी भाग म्हणजे हायड्रोमार्कर. साधारण दीड मीटरच्या दोन पट्ट्या, त्यांवर सेंटिमीटरच्या खुणा, दोन्हींना जोडणारी पारदर्शक नळी आणि नळीत पाणी. दोन्ही पट्ट्यांवर पाणी एकाच आकड्याला थांबलं की दोघांच्या पायाखालची जमीन एका पातळीत. तिथे फक्कीची खूण करायची, मागच्याने पुढे जायचं, पुन्हा पातळी धरायची. उतारही यावरच मोजता येतो. पट्ट्यांमध्ये दहा मीटर अंतर असताना वरची ६० आणि खालची ९० दाखवत असेल तर फरक ३० सेंटिमीटर, म्हणजे तीन टक्के उतार.

आता चुकतं कुठे ते. नळीत बुडबुडा राहिला की आकडा खोटा येतो. काम सुरू करण्याआधी पूर्ण नळी डोळ्यांखालून घालायची आणि दोन्ही पट्ट्या शेजारीशेजारी उभ्या करून आकडे जुळवून बघायचे. चालताना पाणी सांडू नये म्हणून दोन्ही तोंडांवर अंगठा असतो, पण आकडा वाचताना एकाचा अंगठा तसाच राहिला तर पाणी हलतच नाही आणि दोघांनाही वाटतं पातळी मिळाली. पट्टी तिरपी धरणं, दगडावर किंवा खळग्यात टेकवणं या बाकीच्या नेहमीच्या चुका. दोघांपैकी एकाने मोठ्याने आकडा म्हणायचा आणि दुसऱ्याने तो म्हणून दाखवायचा, एवढी शिस्त लावली तरी निम्म्या चुका टळतात.

या बारकाव्याचं एवढं महत्त्व का, ते सलग समतल चराचा, म्हणजे उतारावर समपातळी रेषेने खणलेल्या लांब चराचा, हिशेब केला की कळतं. ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल चरात मीटरला १८० लिटर पाणी बसतं, शंभर मीटरला १८,००० लिटर. आखणीत एक टोक १५ सेंटिमीटरने खाली गेलं तर खालचं टोक काठोकाठ भरून सांडायला लागतं तेव्हा वरच्या टोकाला पाणी जेमतेम निम्म्यावर असतं. साठा १३,५०० लिटरवर येतो. त्याहून वाईट म्हणजे जादा पाणी एकाच जागेवरून उलटतं, मातीचा भराव फोडतं आणि खालच्या चरांच्या रांगाही फोडत जातं. म्हणजे पाणी अडवायला खणलेल्या चरानेच नवी ओघळ तयार होते. यावर उपाय सोपा आहे: थोड्या थोड्या अंतरावर चरात न खणलेला मातीचा आडवा पडदा ठेवायचा, मग चूक तेवढ्याच तुकड्यापुरती राहते. खोदलेली माती चराच्या खालच्या अंगाला टाकायची, पण काठाला लागून नको. मध्ये फूटभर पट्टी मोकळी सोडली नाही तर पहिल्या पावसात माती परत चरातच येते.

दोन चरांमधलं अंतर किती, हा प्रश्न शिबिरातून आल्यावरही अनेकांना पडतो. अंतर दहा मीटर धरलं तर चराच्या एका मीटरवर दहा चौरस मीटर जमिनीचं पाणी येतं आणि १८० लिटरांत त्यातलं १८ मिलिमीटर वाहतं पाणी मावतं. त्यापेक्षा जोराची सर आली की चर उलटणारच. म्हणून माथा ते पायथा हा क्रम. वरचं काम अर्धवट ठेवून खाली बंधारा बांधला तर तो एकदोन पावसाळ्यांत गाळाने भरतो.

अनगड दगडी बांध, म्हणजे न घडवलेले दगड रचून ओघळीत घातलेला आडवा बांध, शिकवतात तोही चांगला. मोठे दगड बाहेर, लहान आत, दोन्ही टोकं काठात चांगली रुतवलेली आणि माथा मध्यभागी सगळ्यात खाली. हा मधला खोलगटपणा राहिला नाही की पाणी कडेने वाट काढतं, काठ खातं, आणि पावसाळ्यानंतर बांध कोरडा ठणठणीत उभा, ओढा त्याच्या शेजारून वाहतोय असं दृश्य दिसतं. ओघळीत घट्ट बसलेले दगड मात्र या कामासाठी उपटू नयेत. तळ त्यांनीच धरून ठेवलेला असतो.

आता उणी बाजू. वॉटर कप स्पर्धा ४५ दिवसांची असायची, २०१७ पासून ८ एप्रिल ते २२ मे. या मुदतीने गावात जो जोर यायचा तो एरवी येत नाही, हे मान्यच. पण घनमीटर मोजायला सोपे असल्यामुळे खोदाई पुढे धावायची आणि सांडव्याचं पिचिंग (जादा पाणी जायच्या वाटेवर दगड बसवणं), बांधावर गवत लावणं, भराव चोपणं ही कामं मागे राहायची. शिवाय भारतीय जैन संघटनेसारख्या संस्थांकडून यंत्रं मिळाली तेव्हा ओढा खोल करण्याचा मोह पुष्कळ गावांना पडला. गाळ काढावा, तो शेतात टाकावा, पण मुरूम फोडून खडकापर्यंत जाऊ नये. ओढा आजूबाजूच्या विहिरींच्या पाण्यापेक्षा खोल गेला की विहिरींचंच पाणी ओढ्यात पाझरतं. शिबिरात हे सांगितलेलं असतं, पण पोकलेन दाराशी उभं असताना सांगितलेलं आठवावं लागतं.

दुसरी उणीव मोठी आहे. चार दिवसांत पाणी अडवायला शिकता येतं, वाटून घ्यायला नाही. पाण्याचा ताळेबंद शिकवतात आणि गणित अवघड नाही: एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर. हजार हेक्टरच्या शिवारात ५०० मिलिमीटर पडला तर ५०० कोटी लिटर. त्यातलं किती उडून जातं, किती वाहून जातं, किती मुरतं आणि पिकं किती पितात, हे मांडलं की तूट समोर येते. पण तूट दिसल्यावर ऊस कोणी लावायचा नाही, नवं बोअर कोणी घ्यायचं नाही, हे ठरवायला ग्रामसभेची ताकद लागते. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी घातली, पावसाचा हिशेब करून पिकं ठरवली आणि चराईबंदी, कुऱ्हाडबंदी वर्षानुवर्षं पाळली. तिथलं पाणी टिकलं ते यामुळे. फाउंडेशनने पुढे समृद्ध गाव स्पर्धा आणि गटशेतीचा फार्मर कप हाती घेतला, हे त्याच दिशेचं पाऊल आहे आणि योग्य पाऊल आहे.

तर घ्यावं का हे प्रशिक्षण? माथ्यावर सार्वजनिक किंवा पडीक जमीन आहे, उतार आहे, आणि पन्नासेक माणसं तरी सकाळी कामाला येतील अशा गावाने जरूर घ्यावं. सपाट काळ्या रानाच्या गावाला चरांचा फारसा उपयोग नाही. त्यांनी बांधबंदिस्तीवर भर द्यावा आणि प्रत्येक बांधाला दगडी सांडवा ठेवावा. यूट्यूबवरचे मराठी व्हिडिओ फुकट आहेत, तांत्रिक भाग नेमका आहे. मात्र व्हिडिओ पाहून थेट डोंगर खणायला घेऊ नये. आधी एका दिवसात एकच ओळ आखावी, ती दुसऱ्या जोडीकडून पुन्हा मोजून घ्यावी आणि दोन्हींचं जुळलं तरच टिकाव मारावा.

शिबिरात ज्याला कमी वेळ मिळतो ते देखभालीचं काम गावाने आधीच नावानिशी वाटून ठेवावं. पहिला मोठा पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी फावडं घेऊन सगळ्या चरांवरून फिरायचं. कुठलं टोक आधी भरलं, भराव कुठे दबला, सांडव्याखाली खड्डा पडतोय का, ते पाहायचं आणि तिथल्या तिथे माती-दगड टाकायचे. पावसाळाभर थांबलं तर घमेलाभर मातीच्या कामाला मग ट्रॉलीभर माती लागते. चरातला गाळ दरवर्षी उन्हाळ्यात काढून भरावावर टाकायचा आणि भरावावर गवताचं बी पावसाच्या तोंडावर पेरायचं, कारण मुळं धरेपर्यंत भराव कच्चाच असतो. हायड्रोमार्करची नळी उन्हात ठेवू नये, पिवळी पडून आतलं पाणी दिसेनासं होतं. ग्रामपंचायतीत गुंडाळून ठेवावी आणि दुरुस्तीच्या आखणीला तीच वापरावी.