आठ सेकंदांची बासरी, भुसावळचा बॉक्स

मी फैजपूरचा. दिवसा शाळेत गणित, संध्याकाळी भजनी मंडळात पेटी आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात की-बोर्ड. दीड वर्षापूर्वी पुण्यातल्या एका मित्राकडून मेलोट्रॉन मायक्रो सेकंडहँड घेतला. २५ पट्ट्या. बायकोने पट्ट्या मोजल्या, किंमत विचारली आणि म्हणाली, "पैसे दुप्पट आणि पट्ट्या निम्म्या?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मेलोट्रॉन म्हणजे टेपवर चालणारा की-बोर्ड. मूळ डोकं हॅरी चेंबरलिन या अमेरिकन माणसाचं, पण मेलोट्रॉन या नावाने तो १९६३ पासून इंग्लंडात बर्मिंगहॅमला बनू लागला. १९७० च्या एम ४०० मॉडेलला ३५ पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टीखाली टेपचा वेगळा तुकडा. त्यावर खऱ्या वादकाने वाजवलेला एकच सूर. पट्टी दाबली की टेप हेडवरून, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावरून, सरकते, सोडली की स्प्रिंग तिला मागे ओढते. टेप आठेक सेकंदांची, त्यापुढे सूर गप्प. १९६७ साली बीटल्सच्या एका गाण्याच्या सुरुवातीला जी थरथरती बासरी ऐकू येते, ती याच घराण्याची. माझ्याकडचा डिजिटल आहे, आत टेप नाही. पण रेकॉर्डिंग त्याच टेपांचं, सळसळीसकट.

ही सळसळच माझ्या मुळावर आली. हेडफोनमध्ये बासरी अशी की डोळे मिटावेत. पण सावद्याच्या एका लग्नात तोच सूर पंधरा इंची टॉप (मोठा स्पीकर) आणि वरच्या हॉर्नमधून बाहेर पडला, तेव्हा कुणीतरी प्रेशर कुकरची शिटी सुरात लावतंय असं वाटलं. त्यात साऊंडवाल्या पोराने माझी वायर माइकच्या सॉकेटात खुपसलेली. की-बोर्डमधून थेट येणारा आवाज (याला लाइन म्हणतात) जोरदार असतो, माइकच्या इनपुटला तो झेपत नाही, तो तिथेच फाटतो. मग मिक्सरवर व्हॉल्यूम कितीही उतरवा, फाटलेलं ते फाटलेलंच. पोरगा मलाच म्हणाला, "सर, तुमचा की-बोर्डच फाटू राह्यला." नंतर एका दोस्ताचा गिटार अँप लावून पाहिला. त्याचा स्पीकर साधारण पाच किलोहर्ट्झच्या पुढचं फारसं बोलत नाही, त्यामुळे सळसळ गेली. पण मेलोट्रॉनमधल्या कोरसचा, म्हणजे समूहगायनाचा, आवाजही गोधडीत गुंडाळल्यासारखा झाला.

शेवटी भुसावळला गेलो. जामनेर रोडच्या एका गल्लीत जुने टेप-रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका काकांचं दुकान आहे. बाहेर पाटी नाही, दारात उघडा पडलेला वॉशिंग मशीनचा ड्रम हीच खूण. आत छतापर्यंत टेप डेक, अँप्लिफायर, रेडिओ. काकांच्या खिशात पेनाशेजारी एक बारीक स्क्रू ड्रायव्हर असतो. टेपचं हेड तिरकं झालं की आवाजाची धार जाते. ते हेड कान लावून सरळ करण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलंय.

मी मोबाईलवर एम ४०० च्या आतला फोटो दाखवला. काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि मोबाईल नाकाजवळ नेला. "अरे बाप्पा! ह्या तर पस्तीस टेपरेकॉर्डर एकाच पेटीत कोंबेल आहेत. मोटर कितीक?"

"एकच."

"मंग दाही बोटं एकदम दाबले त मोटर दमत असीन."

मला हे वाचून वाचून कळायला महिना लागला होता. जुन्या मेलोट्रॉनवर भरगच्च कॉर्ड दाबली की सूर खरंच किंचित खाली बसतो. काकांनी फोटो पाहून अर्ध्या मिनिटात सांगितलं. त्या घटकेला ठरवलं की काम इथेच द्यायचं.

हेडफोन लावून त्यांनी दहा मिनिटं नुसतं ऐकलं. मग म्हणाले, "यंत्र चांगलं आहे सर, तुमचा भोंगा खोटा आहे. टेपचा आवाज टेपसारखाच वाजवा ना. डेकवर जुनी कॅसेट लावली तर ट्रेबल फुल करत होते का तुम्ही?"

त्यांनी बनवून दिलेला बॉक्स असा: १८ मिलिमीटर प्लायची पेटी, कागदी कोनचा (हलणाऱ्या पडद्याचा) बारा इंची जुना स्पीकर, ४० वॅटचा अँप्लिफायर. ट्वीटर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) मुद्दाम नाही. आठ किलोहर्ट्झपासून वरचं हळूहळू उतरतं केलंय, ८० हर्ट्झच्या खालचं कापलंय. एम ४०० चा सगळ्यात खालचा सूरच ९८ हर्ट्झच्या आसपास, त्याखाली उरते ती घरघर. ती कापल्यावर कोन उगाच हलत नाही आणि मधले सूर मोकळे होतात. मागे एकच सॉकेट, त्यावर पांढऱ्या पेंटने लिहिलंय "लाइन. माइक लावू नये."

आणखी एक छोटी डबी दिली, आत एकास एक ट्रान्सफॉर्मर. मोठ्या मिक्सरला जोडलं की येणारी घूं, म्हणजे हम, तिने थांबते. त्याआधी मी माझ्या पद्धतीने घूं थांबवली होती, प्लगची अर्थिंगची पिन काढून. काकांनी तो प्लग पाहिला आणि पहिल्यांदा आवाज चढवला. "हम जाईन, आन् तुम्हीबी जासान." प्लग त्यांनी तिथेच कात्रीने कापून टाकला, नवा लावला, त्याचे पैसे घेतले नाहीत.

खरी परीक्षा श्रावणात, मामांच्या घरच्या कानबाईच्या, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या, जागरणाला झाली. अंगण, शंभरेक माणसं, ढोलकी आणि बायकांची गाणी. बॉक्स जमिनीवर न ठेवता बाजेवर ठेवला, कानाच्या उंचीला. गाण्याच्या दोन ओळींमध्ये बासरी सोडली की ती माणसांच्या आवाजात मिसळत होती, वरून चिकटवल्यासारखी वाटत नव्हती. आठ सेकंदांची अडचण इथे आलीच. पेटीवाल्याची सवय म्हणजे षड्ज धरून बसायचं, आणि इथे षड्जच मध्येच उठून जातो. मग कॉर्डची बोटं एकेक करून उचलायची, मुंगीसारखी पुढे सरकवायची, म्हणजे एक सूर संपताना दुसरा ताजा असतो. फाटका सूर लपवायला लाऊड बॉक्सवर जोर दिला असता तर ही सरकती बोटं कुणाला ऐकू आली नसती. मामी सकाळी म्हणाली, "रात्री पावा कोण वाजवू राह्यलं होतं?" माझ्यासाठी पाच तारे तेच.

आता तक्रारी. "आठ दिवसांत घेऊन जा" म्हणाले होते, सात आठवडे लागले. दर रविवारी बस, दर रविवारी चहा, दर रविवारी "प्लायवाला आला नाही." पावती मागितली तर कॅलेंडरच्या पाठीवर लिहून दिली. वजन २२ किलो आणि हँडल एकच, तेही एका बाजूला. चढताना पोटरीला कोपरा लागतो. (खरा एम ४०० पन्नास किलोच्या वर भरतो म्हणे, तेव्हा मी रडू नये.) आणि हा बॉक्स एका कामाचा आहे. त्यावर पियानो लावला तर सर्दी झाल्यासारखा वाजतो, डीजेची गाणी तर लावूच नका. लॉनवरच्या पाचशे माणसांना ४० वॅट पुरत नाहीत. तिथे मी आता बॉक्ससमोर साधा माइक धरून मोठ्या सिस्टीमला देतो. थेट वायर दिल्यापेक्षा ते शंभर पटीने बरं.

सगळं मिळून ९,५०० रुपये झाले, डबीसकट. जाणार असाल तर दुपारी एक ते चार जाऊ नका, काका शटर अर्धं ओढून झोपतात. स्वतःचा की-बोर्ड आणि स्वतःची वायर घेऊन जा, तोंडी सांगितलेलं ते ऐकत नाहीत. दुसरं हँडल लावायला मी बॉक्स परवा पुन्हा देऊन आलोय. आठ दिवसांत मिळेल म्हणालेत.