टाके नसलेली फ्लॅप शस्त्रक्रिया

गेल्या वर्षी ब्रश करताना आईच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले आणि खालचे दोन दात हलू लागले, म्हणून मी तिला घराजवळच्या दंतचिकित्सालयात नेले. डॉक्टरांनी आरशाने पाचेक मिनिटे पाहिले, जबड्याचा एक्स-रे काढला आणि पायरिया शेवटच्या टप्प्यात असल्याचे सांगून जबड्याच्या चारही भागांची फ्लॅप शस्त्रक्रिया (हिरडी कापून मागे सारून आतली सफाई) व झिजलेल्या हाडात भरायची पावडर मिळून 72,000 रुपये खर्च सांगितला. त्याच दिवशी पैसे भरल्यास 12,000 ची सवलत होती. आईचे दात जातील या धास्तीने मी 60,000 भरले. तिला मधुमेह आहे हे सांगूनही त्यांनी साखरेचा रिपोर्ट मागितला नाही, आणि मला तेव्हाही शंका आली नाही, याचे आजही वाईट वाटते.

दोन सिटिंगमध्ये काम संपले. घरी आईने ओठ खाली ओढून दाखवला, तर हिरडीवर एकही टाका नव्हता. हिरडी कापून मागे सारली, तर ती बहुधा टाके घालूनच पुन्हा बसवावी लागते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

तीन महिन्यांत पुन्हा रक्त येऊ लागल्यावर आम्ही मुंबईच्या शासकीय दंत महाविद्यालयात गेलो. तिथे एका विद्यार्थिनीने काळ्या पट्ट्यांची बारीक सळई प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हिरडीत अलगद घालून "तीन, तीन, सहा" असे मिलिमीटर सांगितले आणि दुसरीने ते तक्त्यात लिहिले. असे मोजमाप आधी कुणीच केले नव्हते. तीनपर्यंतची खोली सामान्य मानतात. खोल सफाई करून काही आठवड्यांनी पुन्हा मोजल्यावर जिथे खोली पाच-सहाच्या वर राहते, तिथेच सहसा शस्त्रक्रियेचा विचार होतो. आईच्या तोंडात अशी जागा एकच उरली. आधी झाली ती केवळ दातांची सफाई दिसते आणि हाडात भर घातल्याची खूण एक्स-रेत नाही, असे तिथल्या प्राध्यापकांनी स्पष्ट सांगितले.

माझ्याकडील पावतीवर फक्त "दंत उपचार" एवढेच लिहिलेले आहे. म्हणून पैसे देण्यापूर्वी मोजमापाचा तक्ता, कोणत्या दातांवर काय करणार याचा लेखी तपशील आणि पावडर वापरणार असल्यास तिच्या कुपीवरचे लेबल मागून घ्यावे. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. 1915 या हेल्पलाइनवर माहिती घेऊन मी ती दाखल केली आहे.

आईची खरी शस्त्रक्रिया त्या एका जागी झाली. दहाव्या दिवशी टाके काढले, ते पाच होते.