छापील पानाबाहेरचे बॅलड : 'तोबर अन दुअलखस' हा ध्वनिसंग्रह

स्कॉटलंडच्या पारंपरिक गाण्यांशी मराठी वाचकाची ओळख होते ती बहुधा इंग्रजी काव्यसंग्रहांतून, आणि या गाण्यांकडे जाण्याची सर्वांत फसवी वाट नेमकी तीच आहे. वॉल्टर स्कॉटने १८०२ साली इंग्लंड-स्कॉटलंड सीमाप्रदेशातील बॅलडांचा, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या पारंपरिक गाण्यांचा, संग्रह छापायला घेतला, तेव्हा जेम्स हॉग या कवीच्या आईने, मार्गारेट लेडलॉ हिने, ही गाणी गाण्यासाठी होती, वाचण्यासाठी नव्हे, आणि छापून तुम्ही त्यांचा नाश केलात, असे त्याला तोंडावर ऐकवल्याची आठवण हॉगने लिहून ठेवली आहे. 'तोबर अन दुअलखस' या संकेतस्थळावर काही संध्याकाळी घालवल्यावर त्या बाईंचे म्हणणे किती रास्त होते, हे पटते.

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात आणि बेटांवर बोलल्या जाणाऱ्या गेलिक भाषेतील या नावाचा अर्थ वारशाची विहीर असा आहे. इंग्रजीच्या जवळच्या स्कॉट्स भाषेत याच संग्रहाला 'किस्ट ओ रिचेस', म्हणजे संपत्तीचा पेटारा, म्हटले जाते. एडिंबरा विद्यापीठात १९५१ साली स्थापन झालेल्या स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीजची ध्वनिमुद्रणे, बीबीसीकडील सामग्री आणि लोकगीतांचे संग्राहक जॉन लॉर्न कॅम्पबेल यांचा कॅना बेटावरील संग्रह अशा तीन ठिकाणांहून आलेले ५०,०००हून अधिक तुकडे येथे ऐकता येतात. सर्वांत जुनी मुद्रणे १९३०च्या दशकातील आहेत. ऐकण्यासाठी शुल्क आकारले जात नाही.

बॅलड या शब्दासाठी आपण सवयीने पोवाडा म्हणतो, पण ते बरोबर नाही. शाहीर नायकाची बाजू घेऊन उभा असतो. बॅलड गाणारा मात्र गोष्ट मध्येच कुठून तरी उचलतो, संवादांवर सोडून देतो आणि स्वतः कोणाचीही बाजू घेत नाही. ॲबर्डीनच्या जीनी रॉबर्टसन यांचे 'सन डेव्हिड' ऐकताना हे विशेष जाणवते. मुलाच्या तलवारीवरचे रक्त कोणाचे, असे आई विचारते. तो घोडीचे म्हणतो, मग शिकारी कुत्र्याचे, मग ससाण्याचे. प्रत्येक वेळी आई ते उत्तर नाकारते, आणि शेवटी रक्त सख्ख्या भावाचे असल्याचे तो कबूल करतो. कारण एवढेच, की भाऊ त्याचे ऐकेना. याच गाण्याचे जे रूप टॉमस पर्सी यांनी १७६५ साली 'एडवर्ड' या नावाने छापले, त्यात खून वडिलांचा आहे, आणि अखेरच्या कडव्यात मुलगा आईलाच शाप देऊन गुन्ह्यातील तिचा हात उघड करतो. पाठ्यपुस्तकांना हा नाट्यमय शेवट प्रिय आहे. जीनीबाईंच्या गाण्यात तो नाही. तळ नसलेल्या नावेतून मी निघालो, आणि सूर्य व चंद्र त्या दरीत भेटतील तेव्हा परत येईन, एवढेच मुलगा सांगतो. चाल पहिल्या प्रश्नापासून शेवटच्या उत्तरापर्यंत तीच राहते, आवाज कुठेही चढत नाही, आणि त्यामुळेच ऐकणारा अधिक हादरतो. माझ्या मते हे रूप पर्सींच्या रूपाहून श्रेष्ठ आहे, आणि ते कागदावर वाचून मला कधीच कळले नसते.

लोकगीतांचे संकलक हॅमिश हेंडरसन यांना जीनी रॉबर्टसन १९५३ साली भेटल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी हेंडरसन पर्थशरमधील ब्लेअरगौरी येथे, रास्पबेरी तोडण्यासाठी जमलेल्या भटक्या कुटुंबांच्या तळांवर, ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन गेले. प्रतिष्ठित समाज ज्यांना दाराशी उभे करत नव्हता, त्यांनीच शतकांची गाणी मुखोद्गत ठेवली होती. कित्येक तुकड्यांत गाण्याच्या आगेमागे गप्पाही मुद्रित झाल्या आहेत. त्या वगळून पुढे जाऊ नये, कारण गाणे कोणाकडून मिळाले, हे पुष्कळदा तिथेच उलगडते.

गेलिक विभागातील सर्वांत रमवणारी गाणी म्हणजे बेटांवरच्या स्त्रियांची, ओले लोकरी कापड फळीवर आपटून घट्ट करताना म्हणायची श्रमगीते. एक जण ओळ सांगते, बाकीच्या निरर्थक अक्षरांचे पालुपद उचलतात, आणि हातांच्या आघातावर ताल चालतो. भाषा येत नसली तरी, जात्यावरच्या ओव्या ज्याने ऐकल्या आहेत, त्याला या गाण्यांची रचना परकी वाटणार नाही.

सूची काळजीपूर्वक केलेली आहे. गायक, संकलक, ठिकाण, भाषा आणि गाण्याचा सारांश प्रत्येक नोंदीत पाहायला मिळतो. स्कॉट्स भाषेचे लेखन एकसारखे ठरलेले नसल्यामुळे एकच शीर्षक दोन-तीन प्रकारे शोधून पाहावे. बॅलडांचे अमेरिकन अभ्यासक फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी ३०५ बॅलडांना दिलेले क्रमांक हाताशी असले, तर वेगवेगळ्या नावांखाली दडलेले एकच गाणे ओळखणे सोपे जाते. स्टुडिओतील स्वच्छ आवाजाची सवय असलेल्याला मात्र जुन्या फितींची खरखर आणि वृद्ध गायकांचा तुटणारा श्वास सुरुवातीला जड जाईल. वाद्यांची साथ बहुतेक ठिकाणी नाही. पार्श्वसंगीत म्हणून लावून ठेवण्यासारखा हा संग्रह नव्हे.

नव्याने येणाऱ्याने सुरुवात जीनी रॉबर्टसन यांच्यापासूनच करावी आणि लगेच त्यांची मुलगी लिझी हिगिन्स हिला ऐकावे. आईने आपली बरीचशी गाणी स्वतःच्या आईकडून घेतली होती. मुलीचे वडील बॅगपाइप वाजवत, आणि तिच्या गळ्यातील बारीक हरकतींमध्ये त्या वाद्याची वळणे स्पष्ट ऐकू येतात.