जुना पीसी मंदावलाय: एसएसडी घ्यावी की रॅम वाढवावी?

सुटे भाग घ्यायला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा कॉम्प्युटर बाजार गाठण्याआधी घरीच एक गोष्ट बघा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. नेहमीचं काम चालू असताना डिस्कचा आकडा १०० टक्क्यांवर चिकटलेला आणि मेमरी, म्हणजे रॅम (चालू कामाची तात्पुरती जागा), मात्र निम्मीच भरलेली दिसली, तर एसएसडीच घ्या, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, फिरते भाग नसलेली साठवण.

साधी हार्ड डिस्क फिरत्या तबकडीवरून वाचते: सेकंदाला साधारण १०० ते १५० एमबी, आणि विखुरलेल्या बारीक फायली असतील तर त्याहून कितीतरी कमी. साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्याच साटा जोडणीवर चालणारी) ५०० एमबीच्या आसपास जाते. विंडोज सुरू व्हायला लागणारी मिनिटं सेकंदांवर येतात, अगदी दहा वर्षं जुन्या मशीनवरसुद्धा. म्हणून मेमरी पुरत असेल तर हार्ड डिस्कवर चालणाऱ्या पीसीत पहिला पैसा इथेच घालावा, असं माझं ठाम मत आहे. जुन्या डिस्कवरचे फोटो आणि कागदपत्रं आधी दुसरीकडे उतरवून घ्या. खडखड ऐकू येत असेल तर आजच.

रॅमचं गणित वेगळं. ४ जीबीत ब्राउझरचे टॅब वाढले की मेमरी संपते आणि विंडोज डिस्कचा आधार घेऊ लागतं. डिस्क आणि मेमरी, दोन्ही आकडे चढलेले असतील तर आधी ८ जीबी करा. रॅमच्या पिढ्या वेगळ्या असतात: डीडीआर३च्या जागी डीडीआर४ बसत नाही, खाच वेगळी असते. दुकानात रॅमची जुनी पट्टी सोबत न्या.

आणि पीसी नुसताच बीप देत असेल, तर खरेदी थांबवा. मुंबईच्या दमट हवेत रॅमच्या संपर्कपट्ट्या काळवंडतात. प्लग काढून त्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा, पट्टी घट्ट बसवा.