आर्डनची 'किंग लिअर': मरण आधी ठरवा

शेक्सपिअरचा लिअर करायला घेतलेल्या नटाने आर. ए. फोक्स यांनी संपादित केलेली, आर्डन या शेक्सपिअरच्या सटीप आवृत्त्यांच्या तिसऱ्या मालिकेतली प्रत (१९९७) घ्यावी. पण तालमीत हातात धरायला नव्हे.

हे नाटक १६०८ च्या क्वार्टोत (एकट्या नाटकाची छोट्या आकाराची प्रत) एक आणि १६२३ च्या फोलिओत (शेक्सपिअरच्या नाटकांचा मोठ्या आकाराचा संग्रह) थोडं वेगळं छापलं गेलं. फोक्सनी दोन्ही एकत्र दिलंय आणि जो मजकूर एकाच छापात आहे त्याच्या दोन्ही टोकांना बारीक 'क्यू' किंवा 'एफ' टाकलाय. विद्वानांची हौस वाटेल, पण शेवटचा प्रवेश उघडा. क्वार्टोत लिअर स्वतःच्या काळजाला 'फूट आता' म्हणत मरतो. फोलिओत ते वाक्य त्याच्या निष्ठावंत सरदाराकडे, केंटकडे जातं आणि लिअर मेलेल्या धाकट्या मुलीचे, कॉर्डेलियाचे ओठ दाखवत मरतो, कदाचित ती जिवंत आहे या भासात. तिच्यावरच्या शोकातलं 'नेव्हर' (कधीच नाही) क्वार्टोत तीनदा, फोलिओत पाचदा. पाच घेतले आणि दरवेळी पट्टी चढवत नेली तर तिसऱ्यालाच आवाज संपतो. म्हणून यातलं कुठलं मरण ते आधी ठरवावं आणि तिथून मागे येत दम वाटून घ्यावा. बहुतेक नट थोरल्या मुलीला, गॉनरिलला दिलेल्या पहिल्या अंकातल्या शापातच सगळं उधळतात, मग वादळात गडगडाटाशी झुंजत बसतात. (गडगडाट वाक्यांच्या मधे वाजवा, वाक्यांखाली नको, हे ध्वनिवाल्याला पहिल्या दिवशीच सांगावं.)

उसंतीचा हिशोबही या खुणांवरूनच लागतो. ३.६ (तिसरा अंक, सहावा प्रवेश) नंतर लिअर थेट ४.६ ला येतो. मधला ४.३ फक्त क्वार्टोत आहे. तो कापला की विंगेतली विश्रांती तेवढी घटली. ३.६ मधला मुलींवरचा लुटुपुटीचा खटलाही क्वार्टोचाच. वेळ वाचवायला तो काढला तर वेड चढत गेलेलं दिसत नाही, ४.६ मध्ये एकदम अंगावर येतं.

टिपा त्याच पानावर खाली असल्याने काही पानांवर संहितेच्या मोजक्याच ओळी उरतात आणि विरामाच्या खुणा करायला समास पुरत नाही. आपल्या ओळी मोकळ्या टाइप करून घ्याव्यात. विंदा करंदीकरांचा 'राजा लिअर' करत असाल तर पाठ तोच करायचा, निर्णयापुरती ही प्रत शेजारी.

कॉर्डेलियाला उचलून आणायची तालीम मात्र पुस्तकाबाहेरची, आणि ती सुरुवातीपासून रोज हवी. प्रेक्षकांना न दिसणारा हात तिने नटाच्या मानेमागे धरून ठेवला की भार बराच कमी होतो आणि आक्रोशाला श्वास उरतो.